मुक्काम, वास्तव्य, अधिवास

१९७१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा जन्मापासून कनेक्टिकटचा. लग्नानंतर तिकडेच राहायचं म्हणून तिने कॅलिफोर्नियातूनच कनेक्टिकट विद्यापीठात अर्ज केला. प्रवेश मिळाला आणि राज्याची रहिवासी म्हणूनच फी लागेल, असंही विद्यापीठाने कळवलं. २६ जूनला लग्न झालं, दोघं स्टॉर्स गावी येऊन राहिली. तिने तिथला वाहन परवाना काढला, गाडीची नोंद तिथे केली, मतदार यादीत नाव घातलं. घर मांडायला आणखी काय लागतं?

त्याच सुमारास राज्याने नवा कायदा केला. विवाहित विद्यार्थ्याचा अर्ज करतेवेळचा पत्ता राज्याबाहेरचा असेल, तर शिक्षण संपेपर्यंत तो परराज्यातलाच. पहिल्या सत्राला राज्यातल्या मुलांना शिक्षण शुल्क शून्य होतं, तिला ३५० डॉलर पडले. दुसऱ्या सत्राला त्यांना १७५, तिला ६२५. ही मार्गारेट क्लाइन. तिच्याबरोबर कोर्टात गेली ओहायोहून आलेली पॅट्रिशिया कॅटापानो. ती अविवाहित होती आणि तिच्यासाठी अट वेगळी होती: अर्जाच्या आधीच्या वर्षभरात एक दिवस जरी पत्ता बाहेरचा असला, तरी ती कायमची बाहेरची.

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या फीत दुप्पट-तिप्पट फरक असतो, हे आता आपल्याकडच्या पालकांनाही माहीत आहे. तो फरक ‘इन-स्टेट’ आणि ‘आउट-ऑफ-स्टेट’ या दोन शब्दांवर ठरतो. नियम बहुतेक राज्यांत साधारण सारखा आहे. वर्षभर राज्यात राहिलेलं असावं आणि पुढेही राहायचा इरादा असावा. वर्ष मोजता येतं. इरादा कसा मोजायचा? मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्हींचं वजन वेगळं आहे. मुक्काम म्हणजे आज इथे, उद्या पुढे. वास्तव्य म्हणजे राहणं. अधिवास म्हणजे जिथून बाहेर पडलं तरी जिथे परतायचं, ते ठिकाण. विद्यापीठाच्या कचेरीत हा तिसरा शब्द तपासला जातो. तो तपासण्याची पद्धत विद्यापीठांहून कितीतरी जुनी आहे आणि ती शिक्षणातून आलेलीच नाही.

ती आली गरिबांना पोसण्याच्या खर्चातून. इंग्लंडमध्ये गावातल्या निराधारांना सांभाळण्याची जबाबदारी त्या त्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर असे आणि त्यासाठी गावकऱ्यांकडून कर घेतला जाई. मग साहजिकच प्रश्न येई की आपल्या गावचा गरीब कोण आणि शेजारच्या गावचा कोण? १६६२ च्या कायद्याने याला चौकट दिली. कुणी नवखा गावात आला, वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहू लागला आणि पुढे गावावर ओझं होईल असं वाटलं, तर ४० दिवसांच्या आत त्याला त्याच्या मूळ गावी परत पाठवता येई. गावचा हक्क मिळायचे मार्ग ठरलेले होते: जन्म, लग्न, उमेदवारी. १६९१ च्या कायद्याने त्यात आणखी एक मार्ग घातला. लग्न न झालेल्या नोकराने पूर्ण एक वर्षाच्या कराराने चाकरी केली, तर तो त्या गावचा. त्यावर धन्यांनी तोड काढली. ते एक्कावन्न आठवड्यांचा करार करू लागले. एक आठवडा कमी, म्हणजे म्हातारपणी गावावर भार नाही.

वर्षाचा हा उंबरठा आणि तो कुणी ओलांडू नये म्हणून चाललेली ही धडपड, दोन्ही अटलांटिक ओलांडून गेली. न्यू इंग्लंडच्या वसाहतींत नवख्यांना गाव सोडण्याची लेखी ताकीद दिली जाई. प्रत्यक्षात हाकलण्यापेक्षा कागदावर नोंद राहणं महत्त्वाचं होतं, म्हणजे पुढे या माणसाला आमच्या गावचा हक्क सांगता येणार नाही. घरोघरी असे ताकिदीचे कागद पोचवले जात. त्यात विधवा असत, रोजगार शोधणारे मजूर असत, लेकरांना घेऊन निघालेल्या बायका असत. आजच्या फी ठरवण्याच्या अर्जात आणि त्या ताकिदीत तीनशे वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हीकडे विचारलेलं एकच: तुझ्यावरचा खर्च कुणी करायचा?

सरकारी विद्यापीठं या गोष्टीत आली ती १८६२ नंतर. त्या वर्षी २ जुलैला, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सभासदामागे ३०,००० एकर याप्रमाणे राज्यांना जमीन, आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती नि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलाला शिकता यावं हा हेतू खरा होता आणि तो साधलाही. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकायला गेले, ते वॉशिंग्टन स्टेट कॉलेज अशाच जमिनीवर उभं राहिलेलं. पण ती जमीन मूळ अमेरिकी जमातींकडून घेतलेली होती, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. तिथलं सर्वांत जुनं वास्तव्य ज्यांचं होतं, त्यांना अधिवासाचा लाभ मिळायला शतक उलटावं लागलं. मिशिगनने १९७६ मध्ये कायदा करून राज्यातल्या मूळ जमातींच्या विद्यार्थ्यांची फी माफ केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या राज्यातल्या मान्यताप्राप्त जमातींच्या मुलांसाठी तशी योजना जाहीर केली ती २०२२ मध्ये.

राज्याची जमीन, राज्याचा कर, म्हणून राज्याच्या मुलांना सवलत. हे तर्कशास्त्र मॉरिल कायद्याइतकंच जुनं आहे. एकोणिसाव्या शतकातच मिशिगन विद्यापीठ बाहेरच्या मुलांकडून जास्त प्रवेश शुल्क घेत असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १८६८ च्या स्थापनेच्या कायद्यात म्हटलं होतं की उत्पन्न परवानगी देईल तेव्हा राज्यातल्या सर्व रहिवाशांना शिक्षण विनामूल्य असावं. ‘रहिवासी’ हा शब्द त्या कायद्यात पहिल्यापासून आहे, पण कुणाला रहिवासी म्हणायचं, यावर तेव्हा कुणाला वाद घालावासा वाटला नाही. मुलं थोडी होती आणि बहुतेक जवळपासचीच. वाद आला गाड्या आणि रस्ते आल्यावर, लोक हजारोंनी पश्चिमेकडे सरकू लागल्यावर. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर ब्रायन नावाच्या विद्यार्थ्याचा खटला आला. वर्षभराच्या वास्तव्याची अट वाजवी आहे, असा निकाल न्यायालयाने दिला. एक्कावन्न आठवडे पुरणार नव्हते.

मला ही अट मुळात अन्यायाची वाटत नाही. मिनेसोटातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कर भरतो, त्याच्या पैशातून विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहतात. त्याच्या मुलीला कमी फी पडली तर त्यात वाईट काय? अडचण पुढे येते. राज्यात आलेला माणूस खरंच राहायला आलाय की फक्त शिकायला, हे ओळखायची वेळ येते, तेव्हा.

१९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शपिरो विरुद्ध थॉम्पसन या खटल्यात एक मोठा निर्णय दिला. राज्यात वर्षभर राहिल्याशिवाय गरिबांना सरकारी मदत मिळणार नाही, हे नियम घटनाबाह्य ठरले. नागरिकाला देशात कुठेही जाऊन राहता आलं पाहिजे, आणि जाणारा गरीब आहे म्हणून त्याला अडवता येणार नाही. १६६२ पासून चालत आलेली साखळी इथे तुटली असं वाटतं. पण निकालाच्या एका तळटीपेत न्यायालयाने काही गोष्टी बाजूला ठेवल्या. मतदानासाठी, व्यवसायाच्या परवान्यासाठी, शिकारीच्या आणि मासेमारीच्या परवान्यासाठी, तसंच मोफत शिक्षणासाठी असलेल्या वास्तव्याच्या अटींबद्दल आम्ही काहीही म्हणत नाही, असा त्या टीपेचा आशय होता. मिनेसोटातल्या फेडरल न्यायालयाने विद्यापीठाची वर्षाची अट १९७० मध्ये वैध ठरवली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. गरिबाच्या भाकरीसाठी वर्षभर थांबायला लावणं चूक, विद्यार्थ्याच्या फीसाठी थांबायला लावणं मात्र बरोबर.

या फरकाचं कारण न्यायालयाने पुढे, १९९९ च्या साएन्झ खटल्यात, जवळपास उघड केलं. भाकरी इथेच खाऊन संपते. पदवी बरोबर नेता येते. कुणी फक्त ती मिळवण्यापुरतं येईल आणि निघून जाईल, ही भीती तिथे घटस्फोटाच्या जोडीला शिक्षणाचं उदाहरण देऊन मांडली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर शिक्षण ही शिदोरी आहे, आणि शिदोरी बांधून देणारा विचारणारच की निघालात कुठे?

मार्गारेट क्लाइनच्या खटल्याचा निकाल ११ जून १९७३ ला लागला आणि सहा विरुद्ध तीन अशा मतांनी ती जिंकली. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलेल्या निकालात वर्षाच्या अटीला हात लावलेला नाही. आपल्या खऱ्या रहिवाशांना स्वस्तात शिकवण्याचा राज्याचा हक्कही मान्य आहे. आक्षेप एवढाच होता की कायद्याने एकदा बाहेरचं ठरवलं की तो शिक्का पुसायची संधीच ठेवली नव्हती. माणसाला आपण इथलेच आहोत हे सिद्ध करण्याची मुभा हवी. मग सिद्ध कशावरून करायचं? कनेक्टिकटच्या महाधिवक्त्यांनी १९७२ मध्ये काही कसोट्या सुचवल्या होत्या: वर्षभर राहतो कुठे, मतदार यादीत नाव कुठे, आयकराचं विवरण कुठे भरतो, मालमत्ता कुठे, वाहन परवाना कुठला, गाडीची नोंद कुठली, लग्न झालंय का, सुट्टीत काम कुठे करतो. ही यादी वाचली की आजच्या कुठल्याही सरकारी विद्यापीठाचा रहिवासाचा अर्ज डोळ्यांसमोर येतो. क्लाइनच्या विजयाने दार उघडलं, पण त्या दारापाशी कागदांचा ढीग मागणारा कारकूनही बसवला.

त्या यादीतलं लग्न तर जास्तच जुनं दुखणं. जुन्या इंग्लिश कायद्यात बायकोचा अधिवास नवऱ्याच्या अधिवासामागून जाई, मुलांचा बापामागून. काही विद्यापीठांनी हाच नियम फीला लावला. लग्न झालेल्या मुलीचं राज्य म्हणजे नवऱ्याचं राज्य. जन्म पेनसिल्व्हेनियात, शाळा तिथली, पण बाहेरच्या मुलाशी लग्न केलं की माहेरच्या राज्यात परकी. पिट्सबर्ग विद्यापीठाविरुद्ध अशा विद्यार्थिनी कोर्टात गेल्या आणि १९७४ मध्ये फेडरल न्यायालयाने हा स्त्रियांच्या बाबतीतला भेदभाव असल्याचं सांगितलं.

मतदानाच्या बाबतीत विद्यार्थ्यांची स्थिती नेमकी उलट झाली. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने १८ वर्षांच्या मुलांना मत दिलं. टेक्सासमधल्या वॉलर परगण्यात प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजातल्या मुलांना ‘तुम्ही इथले नाही’ म्हणून मतदार यादीतून अडवलं जात होतं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांच्या बाजूचा निकाल कायम केला. जनगणनाही कॉलेजातल्या मुलांना कॉलेजच्या गावीच मोजते. म्हणजे तोच मुलगा तिथल्या आमदाराला मत देतो, त्याच्या डोक्यामागे राज्याला लोकसंख्येतला वाटा मिळतो, आणि फी भरायच्या खिडकीवर मात्र तो पाहुणा असतो. कायदेपंडितांना यात विसंगती दिसत नाही, कारण प्रत्येक कामासाठी वास्तव्याची व्याख्या वेगळी करता येते. मला मात्र ती दिसते आणि खटकते.

हाच वाद आपल्याकडेही फार लवकर आला. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात मध्य भारत राज्याच्या ‘खऱ्या रहिवाशां’ना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना नव्हती. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने आक्षेप घेतला. डी. पी. जोशी खटल्यात जानेवारी १९५५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला: राज्यघटनेचं १५ वं कलम जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करतं, वास्तव्यावरून नाही. क्लाइनच्या खटल्याआधी अठरा वर्षं. पण आपल्याकडची वाट पुढे वेगळी झाली. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असं ठासून सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतलं वास्तव्यावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. तरीही बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रांसमोर डोमिसाइलसाठी रांग लागते. राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचे पुरावे काढायला शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्डं, विजेची जुनी बिलं शोधणारे आईबाप त्या रांगेत असतात. बदलीची नोकरी असलेल्यांचे हाल त्यांनाच माहीत. तेव्हा स्टॉर्स गावच्या त्या मुलीचं दुखणं आपल्याला समजायला जड जाऊ नये.

अमेरिकेत मात्र राज्यांमधला हा प्रश्न हळूहळू देशांमधला झाला. मेरीलँड विद्यापीठात शिकणाऱ्या काही मुलांचे वडील वॉशिंग्टनला जागतिक बँक आणि आंतर-अमेरिकी विकास बँकेसारख्या संस्थांत होते. मुलं वर्षानुवर्षं मेरीलँडमध्येच राहत होती. पण त्यांच्याकडे जी-४ व्हिसा होता, आणि या संस्थांतल्या पगारावर आयकर लागत नाही. कर नाही तर सवलत नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा व्हिसा असलेल्या माणसाने अमेरिकेत कायम राहायचा इरादा धरू नये, असं फेडरल कायद्यात कुठेही नाही. २८ जून १९८२ ला टॉल विरुद्ध मोरेनो या निकालात विद्यापीठ हरलं. या देशात कुणाला राहू द्यायचं हे काँग्रेसने ठरवल्यावर राज्याने त्यावर आपला वेगळा भार टाकायचा नाही.

या निकालाने व्हिसाचा प्रकारच अधिवासाची कसोटी बनला. विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसासाठी मायदेशी घर आहे आणि शिकून परत जाणार आहोत, असं सांगावं लागतं. सांगितलं की इथे कायम राहायचा इरादा नाही हे कागदावर आलं, मग चार वर्षं राहा नाहीतर सात, तो मुक्कामच. एच-१बी वर आलेल्या माणसाला १९९० च्या कायद्याने दोन्ही इरादे एकाच वेळी बाळगायची मुभा दिली. काम तात्पुरतं, तरी कायम राहायची इच्छा चालते. त्यामुळे पुण्याहून एम.एस. करायला गेलेला मुलगा पूर्ण फी भरतो आणि त्याच वर्गात बसलेली, एच-१बी वरच्या आईवडिलांबरोबर एच-४ वर आलेली मुलगी बऱ्याच राज्यांत रहिवासी ठरते. दोघं एकाच गल्लीत राहत असतील, एकाच दुकानातून पोहे आणत असतील.

कागदच नसलेल्यांची कथा याहून कठीण. १९९६ च्या फेडरल कायद्याने ठरवलं की बेकायदा राहणाऱ्यांना वास्तव्याच्या आधारे अशी सवलत द्यायची असेल, तर ती देशातल्या कुठल्याही नागरिकाला तो कुठेही राहत असला तरी खुली असली पाहिजे. २००१ मध्ये टेक्सासने आणि मागोमाग कॅलिफोर्नियाने त्यातून वाट काढली. कॅलिफोर्नियाने अट वास्तव्याची न ठेवता शाळेची ठेवली: तीन वर्षं इथल्या हायस्कुलात शिकला आणि तिथूनच उत्तीर्ण झाला, तर फी इथल्या मुलांची. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मान्य केली. टेक्सासची वाट मात्र ४ जून २०२५ ला एका दिवसात बंद झाली. केंद्र सरकारने खटला भरला, राज्याने त्याच दिवशी मान डोलावली आणि न्यायाधीशांनी कायदा थांबवला. चोवीस वर्षं चाललेली गोष्ट, आणि तिचा बचाव करायला कोर्टात कुणी उभंच नव्हतं.

दरम्यान फीचं गणितही उलटं झालं होतं. विशेषतः २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांचे पैसे कापले. तेव्हापासून ज्यांना दूर ठेवायला ही भिंत बांधली, त्याच बाहेरच्या मुलांच्या फीवर विद्यापीठं चालू लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२५-२६ साठी नव्या मुलांना लावलेला बाहेरचेपणाचा जादा भार वर्षाला ३७,६०२ डॉलर होता, तोही मूळ फीच्या वर. अशी मुलं इतकी वाढली की बहुतेक कॅम्पसवर पदवीसाठी त्यांचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आत ठेवण्याचं धोरण २०१७ मध्ये आणावं लागलं. अशा रकमांपुढे रहिवासाचा अर्ज तपासणारा कर्मचारी किती बारकाईने बघत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि आता आपल्या माणसांची गोष्ट. भारतात जन्मलेल्यांना ग्रीन कार्डासाठी दशकानुदशकं थांबावं लागतं, कारण कुठल्याही एका देशाच्या लोकांना वर्षाच्या कोट्यातला सातच टक्के वाटा मिळतो. आईवडील रांगेत असतात आणि मूल वाढत असतं. एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, कारण कायद्याने ते आता कुणाचं मूल राहत नाही. शिक्षण चालू ठेवायचं तर एफ-१ घ्यावा लागतो, आणि एफ-१ घेताना लिहून द्यावं लागतं की माझं घर भारतात आहे, शिकून परत जाणार आहे. काही राज्यांत त्याच क्षणी ते मूल रहिवासी राहत नाही. बालवाडीपासून बारावीपर्यंत ज्या राज्यात शिकलं, तिथेच तिसऱ्या वर्षाला फी बदलते, त्याच्या मनातलं घर बदललेलं नसताना. घरात मराठी बोलणारी, गणपतीला ढोल वाजवणारी आणि भारत फक्त दोन-तीन सुट्ट्यांपुरता पाहिलेली अशी मुलं न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात मी पाहिली आहेत. फीच्या अर्जात एक रकाना असतो: राज्यातलं आपलं सलग वास्तव्य कधीपासून आहे? ती मुलं तिथे जी तारीख लिहितात, ती त्यांनी आईवडिलांना विचारून घेतलेली असते. त्या तारखेला त्यांना बोलताही येत नव्हतं.